'मॅडम, कितेंच मेळना' : कॉलेजच्या मुलांना संदर्भ शोधायला शिकवताना

फोंडा तालुक्यातल्या एका कॉलेजची लायब्ररी मी तेवीस वर्षं सांभाळतेय. चतुर्थीची सुटी संपून कॉलेज उघडलं की पहिल्याच आठवड्यात हे वाक्य माझ्या टेबलापुढे येऊन उभं राहतं. प्रोजेक्टचा विषय जुलैत मिळालेला असतो. जुलै पावसात जातो, ऑगस्ट गणपतीवर टांगायच्या फळापानांच्या माटोळीच्या गडबडीत, आणि मग मूल मोबाईल पुढे करून सांगतं, "सोदलें मॅडम, पूण कितेंच मेळना." म्हणजे शोधलं, पण काहीच मिळत नाही.

मोबाईल हातात घेऊन बघावं तर शोधायच्या चौकटीत विषयाचं अख्खं शीर्षक: 'गोव्यातील खाजन शेतीच्या समस्या व उपाय : एक अभ्यास'. सरांनी लिहून दिलं तसंच्या तसं, विसर्गासारख्या त्या दोन टिंबांसकट. (खाजन म्हणजे खाडीकाठची, बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली शेतजमीन.)

हे लिहितेय ते माझ्यासारख्या कॉलेज ग्रंथपालांसाठी. आणि 'मॅडम, आमच्या वर्गाला लायब्ररीचा एक तास द्या' असं म्हणून स्वतः कँटीनला जाणाऱ्या प्राध्यापकांसाठीही.

जूनमधली फेरी

पहिली आठ-दहा वर्षं मी जूनमध्ये नव्या मुलांना घेऊन लायब्ररीची फेरी काढायचे. हा संदर्भ विभाग, ही मासिकं, हा कॅटलॉग, दप्तर बाहेर ठेवायचं, उशीर झाला तर दंड. वर ४२ स्लाइडचं प्रेझेंटेशन. मुलं भिजून आलेली, छत्र्यांचं पाणी फरशीवर, आणि अर्धं लक्ष बस सुटण्याकडे. एका वर्षी फेरी आटोपल्यावर एक मुलगी मागे थांबली. मला वाटलं शंका असेल. तिने विचारलं, "मॅडम, हीं पुस्तकां घरा व्हरूं येतात?" चाळीस मिनिटं बोलून मी नेमकं तेवढंच सांगायचं विसरले होते.

तेव्हा फेरी ठेवायचीच तर दहा मिनिटांची ठेवा. पुस्तक घरी नेता येतं, किती दिवस, कोणाला विचारायचं, बस्स. ज्याच्या पायात काटा नाही त्याला काटा कसा काढायचा हे सांगून उपयोग नसतो. शिकवायची वेळ म्हणजे विषय ठरून एक-दोन आठवडे झालेले, मूल अडकलेलं, पण सादर करायची तारीख अजून महिनाभर लांब. अमेरिकेत कॅरोल कुल्थाऊ या ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासक बाईंनी विद्यार्थी शोध घेताना कोणकोणत्या अवस्थांतून जातात हे वर्षानुवर्षं पाहिलं. विषय निवडला की मुलांना जरा हुशारी येते आणि पुढे वाचायला लागल्यावर गोंधळ वाढतो, आत्मविश्वास खाली येतो, हे त्यांचं निरीक्षण. मी ते वाचलं तेव्हा चतुर्थीनंतरचे ते चेहरेच डोळ्यांसमोर आले. मुलांना मी हे सरळ सांगते: आता गोंधळला आहेस ना, मग काम योग्य ठिकाणी पोचलंय.

त्यासाठी प्राध्यापकांशी आधी बोलावं लागतं. माझी अट एवढीच की तास प्रोजेक्टला जोडलेला हवा आणि सरांनी तासाला बसायला हवं. सर बसले की मुलं बसतात, आणि दुसरा फायदा म्हणजे सरांच्याही दोन गोष्टी सुटतात. हे त्यांना सांगायचं नाही.

आधी प्रश्न, मग शोध

तासाच्या सुरुवातीला प्रत्येकाला अर्धा कागद देते. वर नाव, खाली एकच ओळ: 'मला नक्की काय कळून घ्यायचंय?' शीर्षक लिहायचं नाही, प्रश्न लिहायचा. शेवटी प्रश्नचिन्ह आलंच पाहिजे. निम्मी मुलं इथेच अडतात आणि तेच हवं असतं.

मघाच्या खाजनवाल्याचीच गोष्ट सांगते. जुवारीकाठच्या एका गावातला मुलगा. त्याने कागदावर लिहिलं, 'खाजन शेतीच्या समस्या काय?' मी त्याला फळ्याजवळ बोलावलं आणि सगळ्यांदेखत विचारत गेले. (मानस म्हणजे बांधातलं पाणी सोडायचं-अडवायचं दार, आणि गावकारी म्हणजे गावची जमीन सामाईक सांभाळणारी जुनी संस्था.)

"खाजन तुमच्या घरचं आहे?"
"आजोबांचं. आता खारं पाणी भरलंय."
"कशानं?"
"बांध फुटला. मानस मोडली होती."
"पूर्वी बांध फुटला की कोण बांधायचं?"
"गावकारी बघायची म्हणे. मग आजोबा कूळ म्हणून लागले, जमीन त्यांची झाली. मग..."
"मग बांध कोणाचा झाला?"

तो गप्प. वर्गही गप्प. मी त्याला म्हटलं, हाच तुझा प्रश्न. १९६४ चा कूळ कायदा आला, पुढे दुरुस्त्या झाल्या, जमीन कसणाऱ्याकडे गेली. पण बांध आणि मानस तर सगळ्या गावाच्या, त्या कोणी सांभाळल्या? आता यात काळ आहे, गाव आहे, कायदा आहे, आणि उत्तर काय येईल ते मलाही ठाऊक नाही. ज्या प्रश्नाचं उत्तर विचारणाऱ्याला आधीच माहीत असतं तो परीक्षेचा प्रश्न असतो, संशोधनाचा नव्हे.

हा संवाद प्रत्येकाबरोबर करायला वेळ पुरत नाही. दोघांबरोबर फळ्यापाशी करायचा आणि बाकीच्यांना जोडीजोडीने एकमेकांना 'मग?' विचारायला लावायचं. पाच वेळा 'मग?' विचारल्याशिवाय थांबायचं नाही. गोव्याच्या मुलांना गजाली, म्हणजे गप्पा, करायला शिकवावं लागत नाही, फक्त गजाल विषयावर ठेवावी लागते.

एका वस्तूची चार नावं

तासातला सगळ्यात मोठा वाटा मी या भागाला देते. एरवी शिकवताना लोक डेटाबेसच्या नावांची यादी देतात. माझ्या अनुभवात मूल अडतं ते जागेपाशी नाही, शब्दापाशी अडतं. आणि गोव्यात तर एका वस्तूला घरात एक नाव, मराठी पुस्तकात दुसरं, इंग्रजीत तिसरं आणि जुन्या दप्तरात पोर्तुगीज चौथं.

फळ्यावर चार रकाने आखते. घरचा शब्द, पुस्तकी मराठी, इंग्रजी, पोर्तुगीज किंवा सरकारी. मुलांनी भरायचे, मी फक्त खडू धरायचा. खाजनचा फळा असा भरला: घरी 'खाजन'. मराठी पुस्तकात, विशेषतः महाराष्ट्रातल्या, 'खारभूमी' किंवा 'खार जमीन'. इंग्रजीत 'खाजन'च, पण स्पेलिंग कोणी झेड घालून करतं, कोणी जे घालून. बांधाला 'बंड', 'डाइक', 'एम्बँकमेंट'. मानशीला 'स्लूस गेट'. गावकारीला 'व्हिलेज कम्युनिटी' आणि पोर्तुगीज 'कोमुनिदाद', ज्याच्या इंग्रजी लिखाणात कधी एक एम, कधी दोन. एका एमने निकाल बदलतात, हे तिथल्या तिथे करून दाखवायचं. मग एक मुलगी म्हणाली, केरळात पण असलं भात असतं ना, खाऱ्या पाण्यातलं? असतं, त्याला पोक्काली म्हणतात. लिहिलं फळ्यावर. आपल्या गावावर कोणी लिहिलं नसेल, तर तसल्याच जमिनीवर दुसरीकडे कोणी लिहिलंय का हे बघायला ह्याच फळ्याचा उपयोग.

गावांच्या नावांचं तर विचारूच नका. डिचोलीचं इंग्रजी बी अक्षराने सुरू होतं, केप्याचं क्यूने, साष्टीचं 'साल्सेत' होतं, आणि पणजी जुन्या कागदांत 'नोव्हा गोवा' नावाने बसलेली असते. यातली काही नावं मुलं बसच्या पाटीवर रोज वाचतात. पण शोधताना डोक्यात येत नाही. म्हणून मी पहिला सराव गावाच्याच नावाचा देते: तुझ्या गावाचं नाव किती तऱ्हांनी लिहिलं गेलंय ते शोधून आण. पोरं आजीला विचारतात, देवळाच्या जुन्या पावत्या काढतात. एक मुलगा सात तऱ्हा घेऊन आला होता.

दुसरं उदाहरण माझं ठरलेलं. पडद्यावर इंग्रजीत 'ओपिनियन पोल गोवा' एवढंच टाकायचं. येतात ते येत्या-गेल्या निवडणुकांचे अंदाज, कोणत्या पक्षाला किती जागा. आपल्याला हवा असतो १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल, गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की वेगळा संघप्रदेश ठेवायचा यावरचा. मुलांना विचारायचं, आता काय बदलू? कोणी म्हणतं साल घाला. घातलं की बरंचसं निवळतं. कोणी म्हणतं 'मर्जर' घाला, कोणी 'विलीनीकरण'. मग दाखवायचं की दोन शब्द जोडीनेच हवे असतील तर त्यांना अवतरणचिन्हांत बंद करायचं, 'हा किंवा तो' हवा असेल तर मधे इंग्रजीतलं 'ऑर' मोठ्या अक्षरांत, आणि नको त्या शब्दाच्या आधी वजाचं चिन्ह. इतकी तीनच हत्यारं. यापुढची मी पहिल्या तासाला दाखवत नाही, कारण दाखवली की ही तीनही विसरतात.

नेटची खात्री नसते, म्हणून या निकालांची पहिली पानं मी आधीच छापून ठेवते. चांगला निकाल, वाईट निकाल, दोन्ही. इंटरनेट गेलं की कागद वाटायचे. खरं सांगायचं तर कागदावर मुलं जास्त बारकाईने बघतात, पेनने खुणा करतात.

कुठे बघायचं

हा भाग झटपट. कॉलेजचा कॅटलॉग आधी. मग एन-लिस्ट, म्हणजे कॉलेजांसाठीचा ई-पुस्तकांचा आणि ई-नियतकालिकांचा संग्रह, ज्याचं लॉगिन ग्रंथपालाकडून मिळतं आणि जे अर्ध्या मुलांनी कधी घेतलेलंच नसतं. ते तासातच, तिथल्या तिथे उघडून घ्यायचं. 'घरी जाऊन करा' म्हटलं की झालं. प्रबंधांसाठी शोधगंगा. तिथे देशभरातल्या पीएचडींची प्रकरणं पीडीएफमध्ये मिळतात, पण पदवीच्या मुलाने प्रबंध पहिल्या पानापासून वाचायचा नाही. शेवटची संदर्भसूची आधी उघडायची. दुसऱ्या कोणीतरी चार-पाच वर्षं खपून केलेली यादी फुकट मिळतेय.

आणि एक दिवस पणजी. पाटोवरचं कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय १८३२ सालचं, देशातल्या सर्वांत जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांपैकी. गोव्यातली कितीतरी मुलं तिथून जवळच कदंबच्या बस स्टँडवर रोज उतरतात आणि आत पाऊल टाकत नाहीत. पोर्तुगीज काळावर काम करणाऱ्याला ताळगावच्या पठारावर गोवा विद्यापीठाच्या लायब्ररीत इतिहासकार पिसुर्लेकरांचा संग्रह आहे हे माहीत हवं. पोर्तुगीज येत नाही ही अडचण खरी, पण आपल्या रकान्यातला चौथा शब्द ओळखता आला तरी कोणतं पान कोणाकडून वाचून घ्यायचं ते कळतं. वाचून देणारी आजी गावात अजून एखादी असते.

कपाटापाशी नेलं की मी एक गंमत करते. पुस्तकं विषयवार आकड्यांनी लावायच्या ड्यूईच्या वर्गीकरणात मराठी साहित्याचा क्रमांक ८९१.४६. कोकणीचा ८९१.४६९. म्हणजे कोकणी मराठीच्या पोटात. हे गोव्याच्या वर्गात सांगितलं की काय होतं ते तुम्हीच समजा. मी भांडण दोन मिनिटं चालू देते. मग विचारते, हा आकडा कोणी ठरवला? ड्यूईची पद्धत १८७६ ची, अमेरिकेतली. कपाटातली जागाही कोणीतरी कुठेतरी बसून ठरवलेली असते, तशीच गूगलच्या पहिल्या पानावरची जागाही. हे एरवी समजावायला अर्धा तास लागला असता.

५४.२ की ५५.५

संदर्भ पारखायला शिकवताना बहुतेक जण तपासणीची यादी देतात: लेखक कोण, तारीख काय, संस्था कोणती. यादी वाईट नाही. पण मुलं ती पानावरच बसून भरतात. 'आमच्याविषयी' या पानावर संस्थेने स्वतःबद्दल चांगलंच लिहिलेलं असणार. स्टॅनफर्डच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी २०१७ मध्ये यावर अभ्यास केला होता: पीएचडी झालेले इतिहासकार, स्टॅनफर्डचे विद्यार्थी आणि बातम्यांची सत्यता तपासणारे व्यावसायिक, अशा ४५ जणांना वेबसाइट पारखायला दिल्या. तपासनीस सरस ठरले, कारण ते त्या पानावर रेंगाळलेच नाहीत. नवीन टॅब उघडून इतर लोक त्या संस्थेबद्दल काय म्हणतात ते त्यांनी पाहिलं. स्थळ आलं की आपण मुलाच्या घरच्यांना विचारत नाही, शेजाऱ्यांना विचारतो. मुलांना एवढं सांगितलं की पुरतं.

मग आकड्यांचा सराव. अर्ध्या वर्गाला एक चिठ्ठी: 'जनमत कौलात ५४.२ टक्के लोकांनी विलीनीकरणाविरुद्ध मत दिलं.' उरलेल्यांना दुसरी: '५५.५ टक्के लोकांनी'. कोण बरोबर? दहा मिनिटं. बहुतेक गट ज्या आकड्याला जास्त साइट्स मिळतील तो खरा मानतात. मग मी मूळ आकडे फळ्यावर लिहिते. संघप्रदेशाच्या बाजूने १,७२,१९१. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७०. बाद ७,२७२. एकूण ३,१७,६३३. आता कॅल्क्युलेटर काढा.

एकूण मतांनी भागलं की ५४.२ येतात, फक्त वैध मतांनी भागलं की ५५.५. दोन्ही बरोबर. फरक खालच्या आकड्याचा, आणि तो खालचा आकडा बहुतेक लेखांत लिहिलेलाच नसतो. एका वर्षी मागच्या बाकावरचा एक कॉमर्सचा मुलगा, जो चुकून या वर्गात येऊन बसला होता, सगळ्यांच्या आधी ओरडला, "मॅडम, डिनॉमिनेटर!" त्या दिवसापासून आमच्या लायब्ररीत कोणी नुसती टक्केवारी सांगितली की मुलंच विचारतात, डिनॉमिनेटर काय?

वेळ असेल तर याच विषयावर पुढचा तास घेते, जुन्या वर्तमानपत्रांचा. तेव्हाचा 'गोमन्तक' विलीनीकरणाच्या बाजूचा, मडगावचा 'राष्ट्रमत' विरोधातला, आणि दोन्ही मराठीतच. उदय भेंब्रे यांचं 'ब्रह्मास्त्र' सदर 'राष्ट्रमत'मधलं. मराठी म्हणजे विलीनीकरणवाले आणि कोकणी म्हणजे विरोधक, अशी सोपी वाटणी मनात धरून आलेली मुलं इथे जरा चपापतात. एकाच दिवसाच्या दोन मथळ्यांवर कोणती क्रियापदं वापरलीत एवढंच बघायला सांगते. कोण 'लादू पाहतो', कोण 'मागणी करतो'. मत काय बनवायचं ते त्यांचं ते बघतील. घरी जाऊन काहीजण वडिलांशी भांडतात असं कानावर येतं.

उतरवून घेणं आणि उचलणं

चोरीबद्दल भाषण देऊ नका. मुलांना चोरी करायची नसते. दोन महिन्यांपूर्वी वहीत उतरवलेलं वाक्य आपलं की पुस्तकातलं हेच त्यांना आठवत नाही. म्हणून दोन पेनं. पुस्तकातले शब्द जसेच्या तसे निळ्या शाईने, पान क्रमांकासह. स्वतःचे शब्द काळ्या शाईने. मोबाईलवर करणाऱ्याने रंग बदलावा.

आपल्या शब्दांत लिहायचं म्हणजे काय, हे मात्र करून घ्यावं लागतं. एक उतारा वाचायला देते, तीन मिनिटांनी कागद उलटा. आता शेजारणीला कोकणीत सांग यात काय म्हटलंय. मग जे सांगितलंस ते मराठीत लिही. उतारा मराठी असो की इंग्रजी, मधे कोकणीतून गेलं की मूळ वाक्याची हाडं मोडतात आणि अर्थ तेवढा उरतो. ही युक्ती मला कुठल्या पुस्तकात सापडलेली नाही, पण दुसरी कुठली इतकी चाललेलीही नाही. उलट इंग्रजी उतारा एकेका वाक्यानं मराठीत उतरवला तर सॉफ्टवेअरला एखादवेळी दिसणार नाही, पण वाचणाऱ्याला 'च्या द्वारे' आणि 'ज्यामध्ये की' दिसतात.

नियमही सांगते, कारण चौथ्या वर्षाला संशोधन घेणाऱ्यांना ते लागतात. चार वर्षांच्या पदवीच्या नव्या आराखड्यात पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के मिळवणाऱ्याला हा मार्ग खुला आहे आणि प्रबंधाला १२ क्रेडिट. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१८ च्या नियमांत दुसऱ्याच्या लिखाणाशी साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही. १० ते ४० असेल तर ठरवून दिलेल्या मुदतीत, जास्तीत जास्त सहा महिन्यांत, सुधारून द्यायचं. ४० ते ६० असेल तर वर्षभरापर्यंत पुन्हा सादर करता येत नाही. ६० च्या वर नोंदणी रद्द. मुलं यातला १० हा आकडा धरतात आणि 'मॅडम, नऊ टक्के उचललं तर चालतं?' असं विचारतात. चालत नाही बाबा. नऊ टक्क्यांतही संदर्भ द्यावाच लागतो.

संदर्भ लिहायची पद्धत कोणती, एपीए की एमएलए, यावर मी तास घालवत नाही. संदर्भांच्या नोंदी करून देणारं झोटेरो हे सॉफ्टवेअर फुकट आहे, बसवून देते. मराठी पुस्तकांची नोंद मात्र हातानेच तपासावी लागते. आडनाव कुठलं आणि वडिलांचं नाव कुठलं, याचा घोळ ते हमखास घालतं.

नसलेली पुस्तकं

गेल्या दोन-तीन वर्षांत नवीन प्रकार सुरू झालाय. मुलगी आठ संदर्भांची सुबक यादी घेऊन आली. "मॅडम, ही आमच्या लायब्ररीत आहेत?" नावं इतकी बरोबर वाटणारी की मीही कॅटलॉग उघडला. एक सापडेना, दुसरं सापडेना. यादी चॅटबॉटने करून दिली होती. आठपैकी तीन खरी निघाली.

मी तिला ओरडले नाही. यादी घेऊन वर्गात गेले, तिचं नाव न सांगता, आणि सगळ्यांना सांगितलं, खोटी ओळखा. शीर्षक अवतरणचिन्हांत टाकून बघा. डीओआय (लेखाचा कायमचा ऑनलाइन क्रमांक) दिला असेल तर तो उघडतो का आणि उघडला तर तोच लेख निघतो का बघा. लेखक खरा असेल तर त्याने हे कधी लिहिलंय का, त्याच्या यादीत बघा. त्यातली एक नोंद 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'ची होती: साल २०१२, खंड ३८. हे साप्ताहिक या नावाने १९६६ ला सुरू झालं आणि खंड वर्षाला एक. म्हणजे सालातून १९६५ वजा केले की खंड मिळतो. २०१२ चा खंड ४७ हवा. लेख शोधायचीही गरज पडली नाही, वजाबाकीतच पकडला गेला. मुलांना असल्या गोष्टी फार आवडतात. त्या आठवड्यात दोघं-तिघं आपापल्या सरांच्या जुन्या लेखांचे खंड मोजून आले, ते मात्र मी थांबवलं.

चॅटबॉट वापरू नका असं मी सांगत नाही, ते ऐकणार नाहीत. त्याला संदर्भ मागू नका, शब्द मागा, असं सांगते. आपल्या त्या चार रकान्यांत आणखी कोणते इंग्रजी शब्द बसतील, हे तो बरं सुचवतो. सुचवलेला शब्द कॅटलॉगमध्ये टाकून बघायचं काम आपलं.

टेबलापाशी

तासानंतर मुलं एकेकटी येतात आणि खरं शिकवणं तिथेच होतं. तिथे मला स्वतःला शिकावी लागलेली गोष्ट म्हणजे हात मागे ठेवणं. पूर्वी मूल आलं की मी कीबोर्ड ओढून घ्यायचे, दोन मिनिटांत लेख काढून द्यायचे आणि मूल 'थँक्यू मॅडम' म्हणून जायचं. पुढच्या आठवड्यात तेच मूल तोच प्रश्न घेऊन हजर. आता कीबोर्ड त्याच्याकडे आणि मी शेजारच्या स्टुलावर. 'काय मिळत नाही?' असं न विचारता 'आत्तापर्यंत कोणते शब्द टाकलेस?' असं विचारायचं. आमचे अटेंडंट काकाही आता हेच विचारतात, आणि माझ्यापेक्षा बरं विचारतात, कारण मुलं त्यांना घाबरत नाहीत.

सत्र संपताना तो पहिला अर्धा कागद परत देते. त्याच्याच मागच्या बाजूला आता तुझा प्रश्न काय आहे ते लिही, आणि कोणता शब्द टाकल्यावर वाट सापडली तेही. गुण नाहीत. दोन्ही बाजू वाचल्या की मला माझ्या तासाचं काय झालं ते कळतं. काहींच्या दोन्ही बाजू सारख्याच असतात. त्यांची यादी करून ठेवते, पुढच्या सत्रात आधी त्यांना गाठायला.

खाजनवाल्याच्या कागदाच्या मागे लिहिलं होतं: 'टेनंट्स असोसिएशन', म्हणजे कुळांची संघटना. बांध कोणाचा झाला याचं अर्धं उत्तर त्याला त्या शब्दातून मिळालं होतं, एका सरकारी अहवालातून. उरलेलं अर्धं आजोबांनी सांगितलं, कोणत्या पावसात बांध फुटला आणि सभेला कोण कोण आलं नाही ते. तो मला विचारायला आला की आजोबा संदर्भसूचीत घालता येतात का. येतात, म्हटलं. आधी त्यांची परवानगी घे. मग मुलाखत म्हणून नोंद कर: आडनाव, नाव, गाव, तारीख, कोणत्या भाषेत बोलले. त्याने घरी जाऊन विचारलं. दुसऱ्या दिवशी सांगायला आला की आजोबांची हरकत नाही, पण सूचीत आपलं नाव त्या अहवालाच्या वर यायला हवं म्हणतात. अकारविल्हे लावलं तेव्हा ते तसं आपोआपच आलं.